झोन तीनवरची टोपी

नाना, तुमची टोपी अजून कारखान्यातल्या आगीच्या अलार्मच्या पॅनेलवरच होती.

पोलीस येऊन गेले, अग्निशमनचे साहेब येऊन गेले, विम्याची माणसं फोटो काढून गेली. धाकटे शेठ त्या खोलीत दोनदा येऊन नुसतेच उभे राहिले. पण टोपीला कुणी हात लावला नाही. तुमचा नियम कारखान्यात सगळ्यांना पाठ आहे, ज्याने टांगली त्यानेच काढायची. तुम्ही आता काढायला येणार नाही हे कळत होतं, तरी हात कुणाचा होईना. माझाही होईना. पंधरा दिवस मी गेटमधून आत जायचे, त्या खोलीच्या दारापर्यंत पोचायचे आणि परत फिरायचे.

मला तुमच्याशी भांडायचं आहे. आपलं भांडण अर्ध्यावर राहिलंय. ऐन मुद्द्यावर आलं की उठायचं आणि "चहा सांगून येतो" म्हणून सटकायचं, ही तुमची जुनी खोड. मी एकटी तोंड वाजवत बसायचे, तुम्ही दोन कप घेऊन यायचात, आणि तोवर माझा राग निम्मा उतरलेला असायचा. या वेळी उठलात ते आलाच नाहीत. राग तसाच आहे, फक्त आता तो तुमच्यावर नाही.

लोक काय म्हणतात ते आधी सांगते, कारण तुम्हाला ते कुणी सांगितलं नसतं. लोक म्हणतात, म्हाताऱ्याने भरीत पार्टीसाठी झोन बंद केला आणि चालू करायला विसरला. म्हणून गोडाऊन पेटलं तेव्हा हूटर वेळेवर वाजला नाही. स्वतःच्या चुकीने गेला बिचारा. हे मी पहिल्यांदा ऐकलं ते तुमच्याच दहाव्याला, नशिराबादला, तुमच्याच अंगणात. माझ्यापासून दोन खुर्च्या सोडून दोन माणसं हळू आवाजात बोलत होती. मी मान खाली घालून चहा पीत राहिले. कप रिकामा झाला तरी पीत राहिले.

तुम्ही कधी काही विसरलात का, नाना? अमळनेरच्या तेलाच्या गिरणीत तुम्ही ऐन तारुण्यात इलेक्ट्रिशियन होतात. ती बंद पडून किती वर्षं झाली, तरी तिथला कुठला फ्यूज कुठल्या खोलीचा हे तुम्ही झोपेत सांगायचात. मी आयटीआय करून अलार्म बसवायचं काम शिकायला तुमच्याकडे आले तेव्हा माझं वय बावीस. त्याआधी चार ठिकाणी मला सांगितलं होतं की बाईमाणसाला शिडीवर कोण चढवणार. तुम्ही एवढंच विचारलंत, "उंचीवर चक्कर येते का?" मी नाही म्हणाले. तुम्ही शिडी माझ्या खांद्यावर दिलीत आणि पुढे चालू लागलात. तोच माझा इंटरव्ह्यू.

मग आली धुळ्याची ती कापडाची पेढी. तीन मजले, मारवाडी कुटुंब, खाली घाऊक आणि वर साड्या. शेठांना ती लाल पेटी, म्हणजे पॅनेल, गल्ल्यामागच्या भिंतीवर नको होती, गिऱ्हाईक घाबरतं म्हणाले. तुम्ही शांतपणे म्हणालात, "घाबरलं तर बाहेर पळेल शेठ. पेटी त्याच्यासाठीच आहे." शेठ हसले आणि पेटी लागली.

तिथेच तुम्ही मला पॅनेल शिकवलंत. सगळी इमारत पाच-सहा भागांत वाटायची, प्रत्येक भाग म्हणजे एक झोन. प्रत्येक झोनला पॅनेलमधून दोन तारा निघतात, त्यांच्यावर एकामागे एक धुराचे डिटेक्टर लागतात आणि अगदी शेवटच्या डिटेक्टरला तांदळाच्या दाण्याएवढा एक रेझिस्टर. त्याच्यातून थोडासा करंट परत येत राहतो, म्हणून पॅनेलला कळतं की लाइन शेवटपर्यंत धड आहे. तार कुठे तुटली, कुणी डिटेक्टर काढला, तर पिवळा दिवा. धूर झाला तर लाल दिवा आणि हूटर. बाकी काही नाही. एवढं साधं यंत्र मी आजवर दुसरं पाहिलेलं नाही.

आणि तिथेच मी पहिली लबाडी केली. दुसऱ्या दिवशी तपासणी होती. शेवटचा डिटेक्टर तिसऱ्या मजल्यावर साड्यांच्या थप्प्यांच्या वर, कोपऱ्यात. शिडी तिथे नीट लागेना. मी तो रेझिस्टर खाली पॅनेलच्या आतच जोडून टाकला. सगळे झोन हिरवेगार. शेठ खूश, मीही खूश. तुम्ही काही न बोलता वर गेलात, कुठून तरी स्टुलावर स्टूल ठेवून तो शेवटचा डिटेक्टर काढून हातात घेतलात आणि खाली आलात. पॅनेलवर पिवळा दिवा लागायला हवा होता. लागला नाही. शेठांसमोर तुम्ही अवाक्षर काढलं नाहीत. मला बाहेर टपरीवर नेलंत, चहा पाजलात आणि मग म्हणालात, "पॅनेलले खोटं शिकाडू नको, पोरी. ते तुनावर इश्वास ठेवस."

मी वर जाऊन रेझिस्टर जिथे हवा तिथे लावला. तुम्ही खाली ती स्टुलं धरून उभे होतात आणि वर बघत नव्हतात. मला लाज वाटू नये म्हणून. इतकी वर्षं ते मी कुणाला सांगितलं नव्हतं आणि तुम्हीही नाही.

टोपीचा नियमही त्या काळातलाच. एका लॉजमध्ये रंगकाम चाललं होतं, धुळीने हूटर वाजायला नको म्हणून कुणीतरी एक झोन बंद करून ठेवला, आणि रंगारी गेले, दिवाळी गेली, झोन बंदच. बंदचा पिवळा दिवा तिथे रोज दिसत होता. रोज दिसणारा दिवा माणसाला दिसेनासा होतो. त्या दिवशी तुम्ही तो स्वतः चालू केलात. संध्याकाळी म्हणालात, यापुढे झोन जो बंद करेल त्याने पॅनेलवर अशी वस्तू टांगायची जिच्याशिवाय त्याला घरी जाता येणार नाही. झोन चालू केला की वस्तू परत घ्यायची. दुसऱ्याला जबाबदारी द्यायची असेल तर आधी त्याने आपली वस्तू टांगायची, मगच पहिल्याची निघेल.

तुमची वस्तू टोपी. बोडक्या डोक्याने नशिराबादच्या चौकातून घरी जाणं तुम्हाला जन्मात जमलं नसतं. माझी स्कूटरची किल्ली. एकदा मी चार मजले खाली येऊन पर्स उलटीपालटी करत बसले होते, किल्ली हरवली म्हणून रडायच्या बेतात आले होते, आणि तुम्ही शेजारी उभे राहून शांतपणे शेंगा सोलत होतात. "वर काय ठेवलंय ते आठव," एवढंच म्हणालात. मी चार मजले परत चढले. झोन चालू केला, किल्ली घेतली आणि जिना उतरताना तुम्हाला मनातल्या मनात शिव्या घातल्या.

तुमचे गुडघे गेल्यावर शिडी सुटली. मग चटईच्या कारखान्यात, आपणच बसवलेल्या पॅनेलसमोर तुम्ही वॉचमन म्हणून खुर्ची टाकून बसलात. चार वर्षं. कारखान्यातली पोरं चेष्टा करायची, नानांनी पॅनेलला जेवू घातलं का म्हणून. दसऱ्याला तुम्ही त्याला झेंडूची माळ घालायचात ते वेगळंच. पण रोज सकाळी सगळे दिवे लावून बघणं, आठवड्याला एका डिटेक्टरखाली धुराचा फवारा मारून बघणं, बॅटऱ्या तपासणं आणि ते सगळं रजिस्टरमध्ये लिहिणं, यात एक दिवस खाडा नाही. हूटर वाजला की आधी दिवा बघायचा, मग आवाज बंद करायचा, मग जागेवर जाऊन पाहून यायचं आणि शेवटी रिसेट. या क्रमात तुम्ही शेठांनाही ढवळाढवळ करू दिली नाहीत.

आता ते भांडण.

मी दोन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आले आणि नव्या पद्धतीच्या पॅनेलने माझं डोकं फिरवलं. त्याच्या पडद्यावर थेट लिहून येतं, गोडाऊन, मागची रांग, डिटेक्टर सतरा. आपलं जुनं पॅनेल फक्त झोन सांगतं. झोन तीन म्हणजे अख्खं गोडाऊन, कुठे पेटलंय ते माणसाने जाऊन शोधायचं. मी म्हणायचे, हे जुनं बंद करू आता. तुम्ही म्हणायचात, "दिवा फक्त भाग सांगस. जागा मानूसले पायवर जाईसन देखनी पडस. तेच बरं शे." माणूस पडद्यावर वाचायला लागला की जाणं बंद करतो, असं तुमचं म्हणणं. मी विचारायचे, आणि पायी जाईपर्यंत सगळं पेटलं तर? शोधायला गेलेला माणूस आत अडकला तर? हा प्रश्न मी तुम्हाला तीन वर्षांत दहा वेळा तरी विचारला असेल. दर वेळी तुम्ही चहा सांगायला उठलात.

आता उत्तर मिळालंय. पण जसं मला हवं होतं तसं नाही.

सोमवारी भरीत पार्टी होती. दर थंडीत ती कुणाच्या तरी शेतात व्हायची. यंदा ऑर्डरी जास्त, सुटी नाही, म्हणून कारखान्याच्याच आवारात, गोडाऊनच्या मागे. कपाशीच्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजायला टाकली, एकीकडे कळण्याच्या पुऱ्या. वारा फिरला आणि काड्यांचा सगळा धूर गोडाऊनच्या जाळ्यांतून आत गेला. हूटर वाजला. तुम्ही आवाज बंद केलात, लंगडत गोडाऊन फिरून आलात, रिसेट केलंत. पुन्हा वाजला. पुन्हा गेलात. वांगी भाजून झाली, धूर निघून गेला, तरी वाजतच राहिला. शेठ वैतागले. मग तुम्ही मला फोन केलात.

मी आले तेव्हा पंगत बसली होती. मी वर चढून बघितलं. मागच्या रांगेतले तीन डिटेक्टर प्लॅस्टिकच्या धुळीने आधीच भरलेले, त्यावर आता काजळी. तुम्ही म्हणालात, खाली घे, ब्रशने साफ करू, हवा मारू, दोन तासांत परत लावू. आजच्या आज झोन चालू होईल. मी म्हणाले, हे साफ करून भागणार नाही, नवेच लावू. तुम्ही म्हणालात, नवे उद्या लाव, आज हे तर लाव. बरोबर होतं तुमचं. मला तेव्हाही ते कळत होतं. पण दिवसभर धुळ्याच्या एका मोठ्या दवाखान्याचे फोन चालले होते, त्यांना नवं पॅनेल हवं होतं, मला वाटत होतं मी आता मोठी झाले, आणि तुम्ही सगळ्यांसमोर मला ब्रश आणायला सांगत होतात.

मी म्हणाले, "नाना, तुमचं आता वय झालंय. तुम्ही खुर्चीत बसा आणि दिवे बघा."

वीस-बावीस माणसं भरीत खात होती. कुणीतरी हसलं. तुम्ही माझ्याकडे नुसतं पाहिलंत. चहा सांगायलाही उठला नाहीत. मी ते तीन डिटेक्टर काढून माझ्या पिशवीत टाकले, म्हणजे मी गेल्यावर तुम्ही गुपचूप साफ करून लावायला नकोत. खरं कारण हेच, नाना. दुसरं काही नाही. लाइनच तुटल्यावर झोन चालू करून उपयोग नव्हता, म्हणून मी झोन तीन बंद केला आणि नियमाप्रमाणे किल्ली पॅनेलवर टांगली.

मग माझ्या लक्षात आलं की नवे डिटेक्टर तर आज मिळणार नाहीत, दुकान सोमवारी बंद. म्हणजे किल्ली इथेच राहणार. मी फणकाऱ्याने म्हणाले, जाते मी रिक्षाने. तुम्ही खुर्चीतून उठलात. गुडघ्यावर हात टेकून उठलात. डोक्यावरची टोपी काढलीत, पॅनेलवर टांगलीत आणि माझी किल्ली काढून माझ्या हातात ठेवलीत.

"तू जाय. किल्ली ले. मनी टोपी शे ना आठे."

तुमचं विरळ पांढरं डोकं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मी सकाळी आठला येते म्हणाले आणि निघाले. मागे वळून बघितलंही नाही.

मंगळवारी सकाळी मी दुकान उघडताच तीन नवे डिटेक्टर घेतले. खोकी स्कूटरच्या डिक्कीत ठेवली. औद्योगिक वसाहतीकडे वळायचं होतं. मी एसटी स्टँडवर गेले, गाडी तिथे लावली आणि धुळ्याची बस पकडली. दवाखान्याच्या लोकांपुढे दिवसभर नव्या पॅनेलचं कौतुक केलं. बुधवारी काहीच काम नव्हतं. मी मेहरूणला घरी बसून पडदे धुतले. नानांना जरा कळू दे म्हणत धुतले. गुरुवारी सकाळी तुमचा फोन आला. तुमचं नाव दिसलं, आणि मी फोन उलटा करून ठेवला. तुम्ही परत केला नाहीत. तुमचा स्वभावच नाही तो. डिटेक्टर डिक्कीतच होते.

पुढचं मला सुपरवायझरने सांगितलं. गुरुवारी दुपारी चारच्या सुमारास तुम्ही नेहमीसारखे गोडाऊनमध्ये गेलात. मागच्या बाजूला, प्लॅस्टिकच्या पट्ट्यांच्या गठ्ठ्यांत, जिथून मी डिटेक्टर काढून नेले होते तिथेच, धूर होता. कशाने लागली ते अजून कळलेलं नाही, चौकशी चालू आहे. पलीकडच्या शेडमध्ये मशीनच्या आवाजात तेवीस माणसं. हाक मारून कुणाला ऐकू जाणार नव्हतं. तुम्ही आत गेलात, मधल्या खांबावरच्या लाल डबीची काच फोडलीत. ती डबी झोन एकवर होती. पॅनेल बसवताना या काचेच्या डब्या वेगळ्या झोनवर घ्यायच्या असा हट्ट तुम्हीच धरला होता आणि मी तार फुकट जाते म्हणून कुरकुरले होते. हूटर वाजला. तेवीसच्या तेवीस माणसं बाहेर आली.

खांबापासून दारापर्यंत तीस पावलं आहेत. मी काल मोजली. गुडघे धड असते तर तुम्ही आला असतात. झोन चालू असता तर तुम्हाला आत जावंच लागलं नसतं. धूर छताला लागताच हूटर वाजला असता, तेव्हा तुम्ही खुर्चीत असतात, आणि सगळे तुमच्यासकट गेटबाहेर गेले असते. प्लॅस्टिकचा धूर माणसाला फार वेळ देत नाही, हे मला तुम्हीच शिकवलं होतंत.

तुम्हाला बाहेर काढून दवाखान्यात नेलं, तिथे रात्री मला दोन मिनिटं आत सोडलं. तुमच्या तोंडावर मास्क होता. तुम्ही डोळे उघडलेत आणि बोटांनी काहीतरी विचारलंत. मला कळलं, सगळी माणसं सुटली का. मी म्हणाले, "बठ्ठा बाहेर शेतस, नाना." तुम्ही डोळे मिटलेत. तेव्हा पुढचं वाक्य माझ्या जिभेवर होतं. माझ्यामुळे झालं, मी आले नाही, माफ करा. मागे सुपरवायझर उभा होता आणि धाकटे शेठ दारात होते. मी ते वाक्य गिळलं. म्हटलं उद्या सांगू, एकांतात. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही नव्हतात.

बाराव्या दिवशी अग्निशमनच्या साहेबांनी मला कचेरीत बोलावलं. पॅनेलची देखभाल माझ्याकडे, म्हणून. त्यांनी तुमचं रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. सोमवारच्या पानावर तुमचं ते गोल गोल अक्षर: झोन तीन बंद. कारण धूर. जबाबदार, नाना. माझं नाव कुठेच नाही. शेठांनी मला बोलू नये म्हणून तुम्ही सगळं आपल्यावर घेतलंत. आणि त्याखाली मंगळवार, बुधवार, गुरुवार, तासातासाला एक ओळ. झोन तीन फिरून पाहिला, ठीक. झोन तीन फिरून पाहिला, ठीक. संध्याकाळनंतर दुसऱ्या वॉचमनचं अक्षर, त्यालाही तुम्ही फिरायला लावलं होतंत. डिटेक्टर नाही तर त्यांच्या जागी माणूस. गोडाऊनच्या त्या टोकापर्यंत, त्या गुडघ्यांनी, तीन दिवस तुम्ही फिरत होतात. शेवटची ओळ तीन वाजताची.

साहेब म्हणाले, "विसरले नव्हते हे तर दिसतंय. मग तीन दिवसांत चालू का केला नाही? तुम्हाला काही माहिती?"

मी म्हणाले, आठवून सांगते.

पॅनेलसुद्धा असं करत नाही, नाना. तार तुटली की पिवळा दिवा लावतं. मी मात्र सगळं आतल्या आत जोडून हिरवी दिसत बसले होते.

तेराव्यानंतर मी तुमच्या मंडळींकडे, अक्कांकडे गेले. त्या अंगणात बसून सुपात दादर ज्वारी निवडत होत्या. मी सगळं सांगितलं. डिटेक्टर पिशवीत टाकले ते, किल्ली घेतली ते, पडदे धुतले ते, फोन उलटा ठेवला ते. अक्कांचा हात थांबला नाही. मला वाटलं त्या रडतील, किंवा मला हाकलतील. त्यातलं काही झालं नाही. सुपातला खडा बाजूला टाकत म्हणाल्या की तुम्ही सोमवार, मंगळवार, बुधवार, तिन्ही दिवशी संध्याकाळी बोडक्या डोक्याने घरी आला होतात. त्यांनी विचारलं, टोपी कुठंय? तुम्ही म्हणालात, कारखान्यात आहे. वैशू सकाळी येणारे, ती आली की मिळेल. तिचा राग टिकत नाही.

तीन संध्याकाळी, नाना. चौकातून बोडक्या डोक्याने.

मी अक्कांचे पाय धरायला वाकले. त्यांनी पाय मागे घेतले.

"माले सांगीसन काय व्हई?" त्या म्हणाल्या. "जठे त्यासनं नाव खराब व्हयनं, तठे सांग."

दुसऱ्या दिवशी मी साहेबांपुढे कागद ठेवला. सोमवारपासून गुरुवारपर्यंत, एकही गोष्ट न गाळता. त्यांनी तो दोनदा वाचला. म्हणाले, "बाई, एकदा सही केलीत की हे मागे घेता येणार नाही." मी सही केली. तिथून कारखान्यात गेले. पाळी बदलायची वेळ होती, सगळे गेटपाशी होते. भरिताच्या दिवशी ज्यांच्यासमोर मी तुम्हाला खुर्चीत बसा म्हणाले, त्याच सगळ्यांसमोर मी सांगितलं की नाना विसरले नव्हते. झोन मी बंद केला, डिटेक्टर मी नेले, आणि येते म्हणून मी आले नाही. एक जण, बहुतेक त्या दिवशी हसला होता तोच, डोक्यावरचा रुमाल काढून हातात घेऊन उभा राहिला. धाकट्या शेठांनी माझ्याकडे बघणंही टाळलं. पुढे माझं काय होईल ते होईल. पोलिसांनी बोलावलंय. धुळ्याच्या दवाखान्यानेही काम दुसऱ्याला दिलं म्हणून कळवलंय. त्याचं मला या घडीला काही वाटत नाही, उद्या वाटेल.

मग मी त्या खोलीत गेले. पॅनेलवर काजळीचा पातळ थर आहे. बॅटऱ्या उतरल्यात, एकही दिवा नाही. टोपी तुम्ही टांगली तशीच, जरा डावीकडे कललेली. मी कागदाच्या तुकड्यावर लिहिलं: झोन तीन बंद. जबाबदार, वैशाली. तो पॅनेलच्या दाराला चिकटवला. आधी स्कूटरची किल्ली टांगली. मगच टोपी काढली. तुमच्या नियमात तेवढीच एक वाट होती, आणि ती तुम्ही मला सोमवारीच दाखवून ठेवली होती.

टोपीला धुराचा वास होता. मी ती पिशवीत नाही घातली, हातात धरून हायवेपर्यंत चालत गेले, नशिराबादची गाडी पकडली आणि अक्कांच्या हातात दिली. त्यांनी ती उलटी करून आत पाहिलं, पदराने पुसली आणि आत नेली. मला बस म्हणाल्या नाहीत. पाणी मात्र आणून दिलं.

गोडाऊन आता नाही. तारा जळल्या, डिटेक्टर वितळले, शेवटचा रेझिस्टर कुठल्या राखेत गेला कोण जाणे. झोन तीन यापुढे कधीच चालू होणार नाही. म्हणजे किल्लीही तिथून निघणार नाही. स्कूटर गेटपाशी उभी आहे. तिच्या डिक्कीत ते तीन नवे डिटेक्टर आहेत, खोकीही फोडलेली नाहीत.